एकशे सतरा नंबरची बाई

१२ जानेवारी

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद.

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. मी फोन उचलत नाही म्हणून तू तुझ्या भाऊजींना फैलावर घेतलंस असं कळलं. त्या बिचाऱ्यांचा काही दोष नाही. घशाच्या डॉक्टरांनी मला बोलायला बंदी केली आहे. स्वरतंतूंवर बारीक बारीक गाठी आल्यात म्हणे. सहा महिने मौन, कुजबुजसुद्धा चालणार नाही. जिनं जन्मभर रेडिओवर बातम्या वाचून पोट भरलं तिला ही शिक्षा! तुझे भाऊजी मात्र खूश आहेत. म्हणतात, घरात इतकी शांतता लग्नाआधी होती.

सकाळच्या बातम्या आता एक नवी मुलगी वाचते. आवाज गोड आहे, पण आकडे आले की मागे कुत्रं लागल्यासारखी धावत सुटते. मी इकडे ओट्यापाशी उभी राहून तिच्याऐवजी श्वास घेते.

तर आता आपण पत्रं लिहायची. मला वेळच वेळ आहे. तुझ्या प्रयोगशाळेतलं काहीबाही तू जेवताना सांगायचास आणि मी हं हं करायचे. खरं सांगू? एक अक्षर कळायचं नाही. रक्तात फिरणारा डीएनए आणि कॅन्सरची वाढ यांचा काय संबंध, ते आता सावकाश लिही. रेडिओ ऐकणाऱ्या बाईला कळेल असं लिही, परीक्षकांना लिहितोस तसं नको.

तुझी ताई

२३ जानेवारी

ती. ताई, साष्टांग नमस्कार.

तू गप्प बसली आहेस ही या वर्षातली सगळ्यात मोठी बातमी, आणि ती वाचायला तूच नाहीस! गाठी साध्याच आहेत ना? नक्की? डॉक्टरांचा कागद पाठव, इथल्या कान-नाक-घसावाल्याला दाखवतो.

आता तुझा प्रश्न. नीट बस, चहा घे.

आपल्या प्रत्येक पेशीत एक जाडजूड पुस्तक असतं, तोच डीएनए. पेशी मरते तेव्हा ते फाटतं आणि त्याचे कपटे रक्तात येतात. पेशी तर रोज मरतातच, त्यामुळे तुझ्या-माझ्या रक्तात हे वाचतानाही असंख्य कपटे फिरत असतील. त्यात काही वाईट नाही. तास-दोन तासांत शरीर ते झाडून टाकतं.

कॅन्सरच्या गाठीतल्या पेशी भराभर वाढतात आणि त्याच घाईत पुष्कळ मरतातही. त्यांचेही कपटे रक्तात येतात. फरक एवढाच, की त्यांच्या पुस्तकात छपाईच्या चुका असतात, त्या गाठीच्या खास अशा. आम्ही काय करतो, ऑपरेशन करून काढलेली गाठ घेतो, तिच्यातल्या चुका टिपून ठेवतो आणि नंतर त्या पेशंटच्या रक्तात तशाच चुकांचे कपटे शोधतो. सापडले, तर समजायचं की गाठ काढली तरी कुठंतरी तिची पिल्लावळ उरली आहे. गंमत अशी, की कपटा तास-दोन तासच टिकतो. म्हणजे सापडलेला कपटा जुन्या गाठीचा शिळा माल नसतो, तो आत्ता कुणीतरी टाकलेला असतो. वाढ होत गेली की कपट्यांचं प्रमाणही चढत जातं. स्कॅनला दिसायला गाठ वाटाण्याएवढी तरी व्हावी लागते. आम्हाला ती त्याच्या कितीतरी आधी कळते, निदान आमचा तसा दावा आहे.

हा दावा खरा का खोटा, हे ठरवायला आमचा मोठा अभ्यास चालू आहे. ठिकठिकाणच्या रुग्णालयांतून रक्ताच्या नळ्या येतात. नळीवर नाव नसतं, फक्त नंबर. रक्तात काय सापडलं ते आम्ही पेशंटला सांगत नाही, त्याच्या डॉक्टरलाही नाही. अभ्यास संपला की एकदम उघडायचं. आधी सांगितलं तर घाबरून कुणी भलतीच औषधं घेईल, मग तुलना कशाशी करायची?

तुझी भावजय म्हणते, घशाला वाफ घे.

तुझा ढब्बू

३ फेब्रुवारी

चि. ढब्बू,

कपट्यांचं छान समजलं. भाऊजींनाही वाचून दाखवलं (हळू आवाजात, रागावू नकोस). ते म्हणाले, म्हणजे मोरीत केस अडकलेत की नाही हे खालच्या पाण्यावरून ओळखायचं, एवढंच ना? मी म्हटलं, तुमच्या पंपदुरुस्तीच्या पलीकडे जग आहे हो.

दोन शंका आहेत. माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, त्यांचं आतड्याचं ऑपरेशन झालंय, त्यांनी विचारायला सांगितलं. या छपाईच्या चुका आईबापांकडून येतात का? म्हणजे भावंडांच्या, भाच्यांच्या रक्तातही असतात का? त्या बाईंनी हा घोर फार लावून घेतलाय. आपल्यामुळे सगळ्या घराण्याच्या रक्ताला बट्टा लागला असं त्यांच्या मनानं घेतलंय. कुणाला तोंड दाखवत नाहीत.

दुसरं म्हणजे, हे कपटे एकाचे दुसऱ्याला लागतात का? भांडी, कपडे वेगळे ठेवावे का? हसू नकोस. शिकलेली माणसंही मनातल्या मनात असलंच काहीतरी विचारत असतात.

ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताई,

उत्तराला उशीर झाला, पण कारण ऐकलंस तर माफ करशील.

आधी तुझ्या त्या बाईंचं. त्यांना सांग, भांडी वेगळी ठेवायची काही गरज नाही, असलं काही कुणाला लागत नाही. आणि या चुका बहुतेक वेळा गाठीतच जन्मतात, घराण्यातून येत नाहीत. काही घरांत तसं असतं, पण ती तपासणी वेगळी. बट्टा वगैरे डोक्यातून काढून टाका म्हणावं.

आता माझी बातमी. ताई, जमलं! इतकी वर्षं ज्याची वाट बघत होतो ते परवा डोळ्यांनी बघितलं. नंबरावरून कुणाचा काही पत्ता लागत नाही, म्हणून तुला सांगायला हरकत नाही. एकशे सतरा नंबरची बाई. आतड्याचा कॅन्सर, गेल्या जूनमध्ये ऑपरेशन. कुठं पसरला नव्हता, म्हणून पुढं औषधंही दिली नाहीत. जुलैच्या रक्तात काही नाही, एकदम स्वच्छ. ऑक्टोबरमध्ये कणभर, यंत्राची चूक म्हणून सोडून द्यावं इतकंच. आणि या जानेवारीत सरळ वर! कागदावर रेष अशी चढली आहे, की कुणी पट्टी धरून आखावी. आणि ऐक, त्याच आठवड्यात तिचा स्कॅन झालाय आणि त्यात काहीही नाही. स्कॅन म्हणतो बाई ठणठणीत, आमचं रक्त म्हणतं परत आलाय. आता पुढच्या स्कॅनमध्ये दिसला की आमचं म्हणणं सिद्ध.

मी ती रेष मोठ्या कागदावर छापून भिंतीवर लावली. सगळे जमले. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. आमच्या प्रमुख बाई कधी हसत नाहीत, त्यासुद्धा हसल्या. तुला फोन करायला हात शिवशिवत होता. तुझा आवाज ऐकायला हवा होता. 'आत्ताच हाती आलेल्या वृत्तानुसार' असं तू म्हणाली असतीस तर काय बहार आली असती.

तुझा (छाती फुगलेला) ढब्बू

१ मार्च

चि. ढब्बू,

अभिनंदन. तुझ्या कष्टांचं चीज झालं.

एक विचारते. त्या एकशे सतरा नंबरच्या बाईचं आता काय? तिला पुढचा स्कॅन कधी? तोवर तिनं काय करायचं असतं?

इकडे सगळं ठीक. थंडी कमी झाली आहे.

ताई

११ मार्च

ती. ताई,

तुझं पत्र इतकं छोटं, की मला वाटलं पाकिटात दुसरा कागद अडकलाय. बोलायला बंदी आहे, लिहायला नाही ना?

त्या बाईचं म्हणशील तर तिनं काहीच करायचं नसतं, कारण तिला माहीतच नाही. नेमाप्रमाणे तिचा स्कॅन जुलैत होईल. तू बातम्यावाली, तुला लगेच माणूस दिसतं. आम्हाला तसं करून चालत नाही. एकीचा विचार करायला बसलो तर हजारांचा अभ्यास कोसळेल. आणि खरं सांगू, तिचं वाईट काय चाललंय? दुखत नाही, खुपत नाही, मजेत जेवतखात असेल. आपल्याला बरं वाटतंय या आनंदात आहे. ते चार-सहा महिने सुखाचे जाऊ देत की. कळलं असतं तर रोज झुरत बसली असती.

परिषदेत ही रेष मी स्वतः दाखवणार आहे. भाऊजींना विचारून कळव, माझा तो जुना कोट तुमच्याकडेच राहिलाय का?

तुझा ढब्बू

९ एप्रिल

चि. ढब्बू,

मला पत्र लिहिता येत नाही. पंपाला काय झालंय ते लिहून देतो, तसंच लिहितो.

तुझ्या ताईच्या घशाला काहीही झालेलं नाही. गेल्या जूनमध्ये ती रेडिओच्या प्रशिक्षणाला गेली असं तुला सांगितलं, तेव्हा ती रुग्णालयात होती. एकाएकी पोट फुगलं, आतडं बंद. कापून काढलं. कॅन्सर निघाला. आतड्याचं तोंड पोटावर काढलंय, त्यावर पिशवी लावतात. शौचाची. ती रोज बदलावी लागते. पहिले काही दिवस मी बदलत होतो, आता ती मला खोलीत येऊ देत नाही. मी म्हटलं, अगं, जन्म गेला लोकांचे तुंबलेले पाइप मोकळे करण्यात, मला कसली आलीय किळस? तर म्हणाली, मी काही पाइप नाही.

तिनं मला शपथ घातली होती, ढब्बूला कळता कामा नये. ती आज मोडतोय.

रुग्णालयात एका अभ्यासासाठी रक्त देता का विचारलं, तेव्हा कागदावर तुझ्या संस्थेचं नाव होतं. तिनं लगेच सही केली. म्हणाली, ढब्बूच्या कामाला माझं रक्त लागलं तर लागू दे, त्याला कळायचंही नाही. तिला एक कार्ड दिलंय. त्यावर नंबर आहे एकशे सतरा.

तुझं फेब्रुवारीतलं पत्र ती मला वाचून दाखवत होती. नंबरापाशी थांबली. पुढचं मनात वाचलं. मग घडी घालून म्हणाली, त्याचं जमलं हो.

मी त्याच दिवशी म्हटलं, चल डॉक्टरकडे. ऐकत नाही. म्हणते, डॉक्टरीणबाई विचारतील तुम्हाला कुणी सांगितलं, मग ढब्बूची नोकरी जाईल, एवढ्या वर्षांचं काम जाईल. जुलैत दिसायचं तेव्हा दिसेल. मी दीड महिना हातापाया पडतोय. मार्चात तुझं दुसरं पत्र आलं. बाई मजेत जेवतखात असेल असं तू लिहिलं होतंस. ते वाचून ती हसली. ते हसणं मला बघवलं नाही.

तू तिच्यापेक्षा लहान, म्हणून तुला चार शब्द सुनावावेत असं वाटत होतं. आता लिहायला बसलो तर सुचत नाहीत. काय करायचं ते कर, पण लवकर कर.

तुझा भाऊजी

ता. क. तुझा कोट इथंच आहे.

१४ एप्रिल

ताई,

भाऊजींवर रागावू नकोस.

त्यांचं पत्र मी प्रयोगशाळेतच फोडलं. वाचून झालं आणि मान वर केली, तर समोर भिंतीवर तूच. तो कागद काढायला गेलो तर चिकटपट्टी निघेना, कोपरा फाटला. कुणीतरी विचारलं, अहो, परिषदेला लागणार ना तो?

तसाच प्रमुख बाईंच्या खोलीत गेलो. म्हटलं, मी एका पेशंटचा निकाल बाहेर सांगितला. त्या म्हणाल्या, कुणाला? म्हटलं, बहिणीला. त्या जरा सैल झाल्या. म्हणाल्या, बहिणीला सांगितलंत, चूकच आहे, पण तिला काय कळणार आहे नंबरावरून? मी म्हटलं, ती एकशे सतरा आहे.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग माझ्यासमोरच तुझ्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या तुला बोलावतील. जा. माझी नोकरी राहील की जाईल ते अभ्यासावर देखरेख करणारी समिती ठरवेल. तू त्यासाठी दीड महिना थांबलीस. ताई, मी त्याच्या लायक नाही.

टाळ्यांचं खरं सांगतो. 'कुणीतरी टाळी वाजवली' असं लिहिलं होतं ना? ते कुणीतरी म्हणजे मीच. पहिली टाळी माझी होती.

आणि अजून एक, ज्यानं मला जेवण जात नाही. तुझ्यानंतर भिंतीवर तुझ्याशेजारी आणखी तीन रेषा लावल्यात, त्याही वर चालल्या आहेत. त्यांच्या घरी बडबड्या भाऊ नाही. ती माणसं आज खरंच मजेत जेवतखात असतील. समितीला मी हेही लिहून दिलंय. काय होईल माहीत नाही. त्यांच्या नियमाला कारण आहे आणि ते कारण खोटं नाही, हे मला अजूनही पटतं. पण ते पत्रात तुला ज्या तऱ्हेनं लिहिलं, ती तऱ्हा आठवली की ते पत्र परत मागून घ्यावंसं वाटतं.

मी येऊ का? तू सांगशील तसं.

ढब्बू

२० एप्रिल

ढब्बू,

येऊ नकोस.

डॉक्टरीणबाईंनी बोलावलं, गेले. आतड्यातून हा बहुधा आधी यकृतात जातो म्हणे, म्हणून यकृताचा जरा वेगळा, बारकाईनं बघायचा फोटो काढायचा म्हणतात. काढू. तुझे भाऊजी आठवडाभर माझ्यासमोर मान खाली घालून चहा पितायत. त्यांना मी माफ केलंय, पण अजून सांगितलेलं नाही.

तुला वाटत असेल, मी तुझ्यावर चिडले आहे. चिडले आहेच. त्या 'मजेत' या शब्दावर चिडले आहे. पण येऊ नकोस म्हणते ते त्यामुळे नाही. मला तुझ्यासमोर यायची लाज वाटते.

तू म्हणशील, आजाराची कसली लाज. सगळे असंच म्हणतात. हृदय बिघडलं असतं तर मीही ऐटीत सांगितलं असतं. पण पोटावर पिशवी घेऊन फिरते, तिला वास येतो की काय म्हणून दहादा बाथरूममध्ये जाते, नळ सोडून उभी राहते, हे कुणाला सांगायचं? आणि तिला आवाज असतो, ढब्बू. तो माझ्या हातात नसतो. केव्हाही होतो.

ऑपरेशननंतर मी परत कामाला लागले होते. कुणाला काही कळलं नाही. सैल कुडते घालायचे. डिसेंबरात एका सकाळी पूल पडल्याची बातमी होती. गेलेल्यांचा आकडा वाचून मी थांबले. एवढा आकडा वाचला की थांबायचं असतं, ऐकणाऱ्याला श्वास घेऊ द्यायचा असतो. मी थांबले आणि त्या शांततेत तो आवाज झाला. माइक उघडा होता. सगळीकडे ऐकू गेलं. ज्यांची माणसं त्या पुलावर होती त्यांच्याही घरात.

मी पुढची बातमी वाचली. बाहेर आले तर कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. ध्वनिमुद्रणवाला, जो एरवी माझी टिंगल केल्याशिवाय चहा घेत नाही, तो हळूच म्हणाला, ताई, साठवणीच्या प्रतीतून मी ते काढून टाकलंय, काळजी करू नका. त्याच्या त्या चांगुलपणानं मी मेले. दुसऱ्या दिवशी घशाचं कारण लिहून दिलं. त्यानंतर फोनवर तुला खोटं सांगता आलं नसतं, माझ्या आवाजावरून तू ओळखलं असतंस, म्हणून ही पत्रं.

आता तुला सगळं माहीत आहे. तुझ्या भिंतीवरची रेष बरी होती. तिला वास नव्हता.

ताई

१८ जून

चि. ढब्बू,

अनेक आशीर्वाद. नको म्हटलं तरी आलास, ऑपरेशनच्या दिवसापासून चांगला पंधरवडा राहिलास, भाऊजींच्या हातचं खाल्लंस आणि तक्रार केली नाहीस. तुझं धाडस मी मान्य केलं आहे.

ठळक बातमी आधी. परवा डॉक्टरीणबाईंनी बोलावलं होतं. यकृतातला, त्या फोटोत दिसलेला वाटाण्याएवढा ठिपका पूर्ण निघाला, कापलेल्या कडा स्वच्छ आहेत, म्हणजे मागे काही उरलेलं दिसत नाही. आणि तू इथं असताना घेतलं होतं ना रक्त, ते मी अभ्यासातून बाहेर पडून वेगळं तपासून घेतलं. तुझ्या संस्थेतच, पण तुझ्या हाती न जाता. त्यात काही सापडलं नाही. बाई म्हणाल्या, सापडलं नाही याचा अर्थ नाहीच असा नाही, औषधं चालू ठेवायची, रक्त बघत राहायचं. जुलैपर्यंत थांबलो असतो तर तो एकच ठिपका राहिला असता का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, ते कुणालाच सांगता येणार नाही. मला त्यांचं हे आवडलं.

तुला त्या अभ्यासातून काढलं, नोकरी राहिली, हे भाऊजींकडून कळलं. त्या तिघांना सांगायचं की नाही, यावर समितीची अजून बैठकच चालू आहे, हेही कळलं. पाठ सोडू नकोस.

आता एक गोष्ट विचारायची आहे. तोंडावर विचारायचा धीर झाला नाही. तू आलास तेव्हा मी ठरवलं होतं, लपवायचं नाही. तुझ्यासमोर पिशवी उघडी होती, तू पाण्याचा तांब्या धरून उभा राहिलास, मला खूप बरं वाटलं. पण मग नर्स रक्त घ्यायला आली, मी बाही वर केली, रक्त घेता घेता पांघरूण सरकलं आणि पिशवीचा आवाज झाला. मी तुझ्याकडे बघितलं, तर तू तोंडावर हात ठेवून ताडकन बाहेर गेलास. बराच वेळ आला नाहीस. आलास तेव्हा डोळे लाल होते आणि हवापाण्याच्या गप्पा मारत होतास.

किळस आली असेल तर तसं सांग. मी रागावणार नाही. मला स्वतःलाही येते. फक्त खरं सांग.

तुझी ताई

२५ जून

ती. ताई, साष्टांग नमस्कार.

किळस? ताई, तो आवाज मला ऐकूही आला नाही. देवाशपथ. तुझं पत्र वाचलं तेव्हा कळलं की काही आवाज झाला होता.

काय झालं ते सांगतो. तुला हसू येईल, नाहीतर राग येईल.

इतकी वर्षं मी रक्तात काम करतोय, पण रक्त माझ्याकडे येतं ते खोक्यातून. गार केलेल्या नळ्या, जांभळ्या टोपणाच्या, आधीच भरलेल्या, ओळीनं उभ्या. एखादी नळी जरा कमी भरली असेल तर मला राग यायचा. माझ्याकडे एक शिक्का आहे, 'नमुना अपुरा, पुन्हा घ्यावा'. तो मारून मी परत पाठवायचो आणि वर म्हणायचो, या लोकांना साधी नळी भरता येत नाही. किती वेळा मारला असेल देव जाणे. तुझ्या नंबरावरही एकदा मारलाय, ऑक्टोबरात. घरी येऊन नोंद बघितली.

त्या दिवशी नर्सनं तुझ्या उजव्या हातात सुई घातली. शीर सापडेना. तिनं सुई आतल्या आत जरा फिरवली. तू भिंतीकडे तोंड केलंस आणि ओठ आत घेतलेस. मग डावा हात. तिथंही नाही. मग मनगटापाशी. ती पोरगी घामाघूम झाली होती, सारखी माफी मागत होती आणि तू तिला म्हणत होतीस, होऊ दे गं, सावकाश घे. मग आलं. मला वाटलं होतं, एकदा आलं की भसकन भरते नळी. तर थेंब. मग थोडं थांबून दुसरा थेंब. तिनं तुला मूठ उघड-मीट करायला सांगितलं आणि तू केलीस, लहान मुलीसारखी, मोजून.

मी बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिलो. परत आत यायचा धीर होईना. आलो तेव्हा नर्स दुसरी नळी लावत होती, पहिली कमी भरली म्हणून.

नळी भरायला इतका वेळ लागतो, हे मला माहीतच नव्हतं गं.

ढब्बू